पांढऱ्या गाडीचे मागील रडार

आरमोरी, सोमवार, १ डिसेंबर २००८

मी, गुलाब दयाराम रामटेके, वय छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, औष्णिक वीज केंद्राच्या लेखा विभागातून स्वेच्छेने निवृत्त, सध्या मुक्काम आरमोरी, ही दैनंदिनी आजपासून एका विशिष्ट प्रयोजनाने लिहिण्यास आरंभ करीत आहे. प्रयोजन असे की, माझ्या पांढऱ्या मोटारगाडीच्या मागील बाजूस काल बसविण्यात आलेल्या सुरक्षा-रडारांची देखभाल, त्यांत उद्भवणारे दोष आणि त्यांवरील उपाय यांची सुसंगत नोंद राहावी. घरगुती वा भावनिक स्वरूपाचा मजकूर येथे येणार नाही.

यंत्रणा मी समजून घेतली ती अशी. मागच्या बंपरमध्ये शर्टाच्या मोठ्या गुंडीएवढे चार डोळे बसविले आहेत. डिकीत एक काळी डबी आहे आणि समोरच्या काचेपाशी आकडे दाखविणारी एक पट्टी. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकली की डोळे जागे होतात. मागे काही असेल तर टूं, टूं असा इशारा मिळतो. वस्तू जवळ येईल तसा इशारा घाईचा होतो आणि अगदीच जवळ आली की अखंड सुरू राहतो. बसविणारे इनायतभाई यांचे बाजारात मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान आहे. त्यांच्या मते हे खरे रडार नव्हे, आवाजाच्या लहरींवर चालते. परंतु खोक्यावर 'रडार' असेच छापले आहे, आणि तोंडी मजकुरापेक्षा छापील मजकूर ग्राह्य धरण्याची मला नोकरीपासून सवय आहे.

रडार का घ्यावे लागले, तेही नमूद करतो. दिवाळीनंतर अंगणातून गाडी मागे घेत असता माझ्या पत्नी सौ. रुखमा मागे उभ्या राहून 'येऊ द्या, येऊ द्या' असे सांगत होत्या. त्या सांगत राहिल्या आणि गाडी शेजारच्या झिंगूभाऊंच्या खळ्यावरील धानाच्या पुंजण्यात, म्हणजे कापून रचलेल्या ढिगात, शिरली. रुखमाचे म्हणणे असे: "मी थांबा थांबा करून वरडून राह्यली होती. धूळ येते म्हनून तुमी काचा चढवून बसले, त्याले मी काय करू?" हे म्हणणे ऐकून घेण्यात आले. झिंगूभाऊ मात्र अद्याप रस्त्यात भेटतील तिथे विचारतात, "काय गुलाबभाऊ, बैल तोंडानं धान खाते, तुमची गाडी बुडानं काऊन खाते?"

सबब मी पुढील नियम केला असून तो रुखमाला दोनदा वाचून दाखविला आहे: रडार पूर्णतः निर्दोष असल्याखेरीज गाडी जागची हलविली जाणार नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

गाडी कोणत्या कामी लागणार आहे, हे लिहिले नाही तर नोंदी अपुऱ्या राहतील.

आमची एकुलती कन्या हर्षा, बी.एस्सी., बी.एड., जूनपासून एटापल्लीच्याही पलीकडे एका निवासी आश्रमशाळेत विज्ञान शिकविते. ठिकाण दुर्गम आहे, रस्ता जंगलाचा आहे, आणि आजारी पडल्यास विचारणारे कोणी नाही. मी येथील पतसंस्थेत अध्यक्षांशी बोलून तिच्यासाठी लिपिकाची जागा राखून ठेवविली आहे. घरापासून चालत जाता येईल. एक जानेवारीला रुजू व्हावे लागेल, अन्यथा जागा दुसऱ्या उमेदवारास जाईल.

आज तिचा फोन आला. मी सर्व सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मले इथी चांगलं वाटून राह्यलं."

मी म्हणालो, "वाटण्याचा प्रश्न नाही. मी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव."

ती म्हणाली, "तुमी येऊ नका, बाबा. तुमी समोर आले की मले नाई म्हनता येत नाई."

ही संमती आहे, असे मी धरले.

रुखमा शेजारीच उभी होती. "मंग एसटीनं जाऊन या," असे ती म्हणाली नाही, कारण माझे मत तिला ठाऊक आहे. मुलगी जाताना पत्र्याची पेटी घेऊन एसटीने गेली. परत येईल ती बापाच्या गाडीतून. रुखमाने इतकेच विचारले, "कधी जाता?" रडारची चाचणी संपली की, असे मी सांगितले. त्यानंतर ती ओसरीवर बसून बराच वेळ गाडीकडे पाहत होती. गाडी घेतल्यापासून तिने त्या वाहनात इतका रस प्रथमच दाखविला.

शुक्रवार, ५ डिसेंबर

चाचणी. रुखमाला क्रमाने घागर, खराटा, सूप घेऊन गाडीमागे उभे केले. रडारने सर्व ओळखले. थंडी असल्यामुळे शेवटी ती जाड गोधडी पांघरून आली, तेव्हा मात्र रडारला ती दिसेना. अगदी बंपरला टेकली तेव्हा इशारा मिळाला. निष्कर्ष: हिवाळ्यात गोधडी पांघरलेल्या व्यक्तींनी गाडीमागून जाऊ नये. झिंगूभाऊंना तसे कळविले. ते म्हणाले, "म्हंजे थंडीनं मरावं, नाई तं तुमच्या गाडीनं!"

रुखमाने एक प्रश्न विचारला, तो चांगला होता. "याच्या डोयात काई गेलं तं?"

पुस्तिकेत त्याबद्दल परिच्छेद आहे. तो भाषांतर करून वाचून दाखविला: डोळ्यावर चिखलाचा अगर घाणीचा पातळ थर वाळून बसल्यास मागे काही नसतानाही यंत्रणा अखंड इशारा देते, मऊ ओल्या फडक्याने पुसावे. तिने तो पुन्हा वाचावयास लावला.

"कोनताही चिखल चालते?"

"चालतो नव्हे. त्याने बिघडते."

"हो, तेच म्हनते मी."

शनिवार, ६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात वंदना. गाडी हलविली नाही.

सोमवार, ८ डिसेंबर

दोष उद्भवला. सकाळी किल्ली फिरवून रिव्हर्स टाकताच अखंड इशारा. मागे काहीही नाही. उद्या निघण्याचा बेत रद्द.

प्रथम डिकीतील डबीच्या तारा पाहिल्या. मागच्या दिव्याच्या तारेतून वीज घेतलेली आहे, तो जोड घट्ट आहे. दिवा लागतो. म्हणजे दोष पुढेच कुठेतरी असला पाहिजे.

अवांतर: अंगण सिमेंटचे केल्यापासून रुखमाने सडा टाकणे सोडले होते. आज पहाटेपासून तिने झिंगूभाऊंच्या गोठ्यातून शेण आणून पुन्हा सुरुवात केली आहे. मात्र सिमेंटवर नव्हे, तर मागच्या मातीच्या पट्ट्यात, जिथे गाडी उभी असते. विचारले असता म्हणाली, "धूळ उडून तुमच्या गाडीवर बसते ना." वाहनाविषयीची ही आस्था पाहून समाधान वाटले.

मंगळवार, ९ डिसेंबर

इनायतभाई आले. त्यांची पद्धत शिकून घेतली. इंजिन बंद ठेवावे, किल्ली फिरवावी, रिव्हर्स गिअर टाकावा आणि एकेका डोळ्याला कान लावावा. जिवंत डोळा घड्याळासारखा बारीक टिकटिक करतो. चारही जिवंत निघाले. मग त्यांनी एका डोळ्यावरून बोट फिरविले, ते नाकाशी नेले आणि माझ्याकडे न पाहता ओसरीवरील रुखमाकडे पाहिले.

"इनायतभाऊ," रुखमा म्हणाली, "च्या घ्या आधी. आत या."

ते प्रथमच स्वयंपाकघरापर्यंत गेले. बाहेर आले तेव्हा चेहरा अत्यंत गंभीर होता.

"साहेब, फॉल्ट समजला. हा जंगलपट्टीच्या हवेचा फॉल्ट आहे. नागपुरात येतच नाई. इथी कसं, धुकं, धानाची भूस, वरून हे लोडशेडिंग."

"भारनियमनाचा गाडीशी काय संबंध?"

"लाइट गेली की हवेतलं व्होल्टेज खाली येते ना, साहेब. रडार बिचारं घाबरते."

मी इतकी वर्षे वीज केंद्रात काढली, पण हवेतील व्होल्टेजविषयी काही ऐकले नव्हते. अर्थात लेखा विभागास तांत्रिक बाबी कळविण्याची तेथे पद्धत नव्हती.

"यावर उपाय?"

"जानेवारी लागला की आपोआप जाते. तुमी घाई नका करू." जाता जाता ते रुखमाला म्हणाले, "बाई, आपल्या नजमाले पन शिकवा हे. मी बी लय फिरतो गाडी घेऊन." त्यांच्या पत्नीला काय शिकवायचे ते कळले नाही. बहुधा चहा.

सायंकाळी पुस्तिकेप्रमाणे ओल्या फडक्याने चारही डोळे पुसले. रडार तत्काळ निर्दोष! उद्या सकाळी निघणे.

बुधवार, १० डिसेंबर

पुन्हा अखंड इशारा. निघणे रद्द.

शुक्रवार, १२ डिसेंबर

दव हे कारण असावे, अशा तर्काने काल मागील भागावर प्लास्टिकचे ताडपत्रीवजा कापड बांधले होते. आज सकाळी कापड जागेवर नव्हते. ते रुखमाने पहाटे उडदाच्या वड्या वाळविण्यासाठी नेले होते.

"एवढ्या पहाटे वड्या?"

"ऊन पकडाले लागते."

रडार सदोष.

रविवार, १४ डिसेंबर

महत्त्वाची प्रगती. भिंगातून पाहणी केली असता डोळ्यांवर वाळलेल्या शेणाचे शिंतोडे आणि त्यात तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या आढळल्या. दोषाचे मूळ प्राणिजन्य आहे, हे यावरून सिद्ध होते. रुखमाचा सडा जमिनीवर पडतो. डाग बंपरवर आहेत. दोन्हींची खाती वेगळी. तेव्हा संशय एकट्या झिंगूभाऊंच्या गाईवर राहतो.

झिंगूभाऊंकडे जाऊन विनंती केली की गाय रात्री नीट बांधावी. त्यांनी सविस्तर समजून घेतले.

"म्हंजे माही गाय रात्री दोर सोडते, तुमच्या अंगनात येते, उलटी फिरते, अन् तुमच्या गाडीच्या बुडाले बूड लावून उभी राह्यते?"

"पुरावा तसे दर्शवितो."

"अन् काम झालं की परत येऊन सोताच्या पायानं दोरात अडकते?"

मी म्हणालो, ते तुमच्या बाजूने तपासावे. ते मटकन खाली बसले आणि डोळे पुसू लागले. मग कुंपणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "रुखमाबाई, आयकलं का वो, माह्या गाईवर नाव आलं!" आतून भांडे पडल्याचा आवाज आला. रुखमाला अलीकडे ठसका फार लागतो.

मंगळवार, १६ डिसेंबर

अंगणाच्या मोकळ्या बाजूस बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. हात सोलले.

बुधवार, १७ डिसेंबर

कुंपण शाबूत. शेण ताजे. गाय उंच उडी मारते.

शनिवार, २० डिसेंबर

आज दोषासंबंधी नवीन काही नाही. एक अवांतर नोंद मात्र ठेवावीशी वाटते. नियमाचा हा भंग मान्य आहे.

हर्षाचा फोन आला होता. उशीर का होतो आहे, म्हणून मी रडारची सर्व हकीकत सांगितली. गाईपर्यंत आलो तेव्हा ती इतकी हसली की तिकडच्या टेलिफोन बूथवाल्याने पलीकडून काहीतरी विचारलेले मला ऐकू आले. मग म्हणाली, "बाबा, वटवाघूळ पन असंच करते. तोंडानं आवाज काढते अन् तो परत कधी येते ते पाहून अंधारात उडते. मी उद्याच पोरींना सांगते, माह्या बाबांच्या गाडीच्या मागं चार वटवाघळं बसवले आहेत म्हनून."

तिचा आवाज मी बऱ्याच महिन्यांनी असा ऐकला. लहानपणी ती मला प्रश्न विचारीत असे, तेव्हाचा. नंतर केव्हापासून ती केवळ 'हो बाबा' म्हणू लागली, हे आठवून पाहिले, आठवले नाही.

मी म्हणालो, "मग येतोच. दाखवू तुझ्या मुलींना."

"हो बाबा," म्हणाली.

मी योग्य तेच करीत आहे. पतसंस्थेच्या अध्यक्षांनीही आज रस्त्यात थांबवून आठवण दिली की एक तारखेनंतर ते थांबू शकणार नाहीत. जागा चांगली आहे. पंखा आहे. मी हे लिहून पुन्हा वाचले, तर पंख्याखेरीज त्या जागेविषयी मी काही लिहिलेले नाही असे दिसते. थंडीमुळे विचार नीट होत नसावा.

मंगळवार, २३ डिसेंबर

सदोष.

शुक्रवार, २६ डिसेंबर

रुखमाच्या बहिणीची प्रकृती बरी नसल्याचा निरोप वडशाहून आला. ती दुपारच्या बसने गेली. जाताना बादलीकडे आणि गाडीकडे आळीपाळीने पाहत होती. "दोन दिवस कोठं जाऊ नका," म्हणाली. मी सायंकाळी सवयीने डोळे पुसून ठेवले.

शनिवार, २७ डिसेंबर

रडार निर्दोष!

सकाळी तपासले, दुपारी तपासले, पुन्हा आता तपासले. खराटा दिसतो, घागर दिसते, मोकळ्या अंगणात शांतता. काही कारण नसताना गाय सुधारली आहे. झिंगूभाऊंना धन्यवाद दिले, तेव्हा ते म्हणाले, "वडशाले गेली ना गाय." त्यांची गाय गोठ्यातच उभी होती. या माणसाशी गंभीरपणे बोलणे शक्य नाही.

उद्या पहाटे निघणे निश्चित. इनायतभाईंना दुकानात जाऊन सांगितले. ते आनंदित होतील असे वाटले होते.

"उद्याच? साहेब, टायर?"

"पाहिले."

"ब्रेकऑइल? रेडिएटर? साहेब, स्टेपनी तं पाहून घ्या आधी."

"सर्व पाहिले."

"एक फोन करतो मी, बसा," म्हणून ते आत गेले. मी बसलो नाही.

रात्रीच्या जेवणापूर्वी रुखमा वडशाच्या शेवटच्या बसने परत आली. बहीण एकाएकी बरी झाली म्हणे. पायांतली चप्पल न काढताच म्हणाली, "मी बी येते एटापल्लीले." आणि थोड्या वेळाने, "पहाटे सडा टाकून निघू."

"वेळ नाही," मी म्हणालो.

रविवार, २८ डिसेंबर. आश्रमशाळा

चामोर्शी, आष्टी, आलापल्ली या मार्गे दुपारी पोहोचलो. संपूर्ण प्रवासात गाडी मागे घेण्याचा प्रसंग कोठेही येऊ दिला नाही. त्यासाठी एका ठिकाणी पुढे जाऊन बराच वळसा घालावा लागला. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना साग. रुखमा वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. गाडी शाळेच्या अंगणात नेऊन हर्षाच्या खोलीसमोर लावली.

रविवारचा जादा तास सोडून हर्षा वर्गातून आली. हाताला खडू लागलेला होता. रंग उतरला आहे, पण चालण्यात घाई आहे, जी घरी नसे. ती काही क्षण दारातच थांबली.

"आले बाबा."

"सामान बांधलेस?"

ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. "बांधते," म्हणाली.

मी सांगितल्याप्रमाणेच घडले. तरीही खोलीत ती पेटी भरत असताना मला बाहेर जाऊन उभे राहावेसे वाटले. खिडकीत मुलींनी आगपेट्यांच्या डब्या आणि दोरा जोडून केलेले टेलिफोन टांगले होते. ते तिने पेटीत घेतले नाहीत. आईने विचारले, "हे?" ती म्हणाली, "ते इथलं आहे." रुखमाने माझ्याकडे एकदा पाहिले. तिने मोठ्याने भांडण केले असते तर उत्तर देता आले असते.

सोमवार, २९ डिसेंबर. सकाळ

गाडी मागे घेतल्याखेरीज या अंगणातून बाहेर पडता येत नाही. वळवायला जागा नाही. एका बाजूस विहीर आणि दुसऱ्या बाजूस मोहाचे झाड. पेटी डिकीत ठेवली. अंगणात सर्व मुली जमल्या होत्या. मी किल्ली फिरविली, रिव्हर्स टाकला.

अखंड इशारा.

उतरून मागे गेलो. बंपरवर शेणाचे नुकतेच वाळलेले शिंतोडे होते. सर्व अंगण ओले, हिरवट आणि स्वच्छ होते. मुली पहाटे उठून रोज सडा टाकतात. दोघी मुली अजून बादल्या घेऊनच उभ्या होत्या. गाडीच्या चाकांभोवतीही त्यांनी न चुकता हात मारला होता आणि शिंतोडे जिथे उडायचे तिथे उडाले होते.

येथे झिंगूभाऊंची गाय नव्हती.

मी रुखमाकडे पाहिले. रुखमा मोहाच्या झाडाच्या शेंड्याकडे पाहत होती.

दोषाचे कारण आज निश्चित झाले. ते या दैनंदिनीत नोंदविण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

नियमाप्रमाणे गाडी हलविता येत नव्हती. मी तसाच उभा राहिलो. मग रुखमा झाडाकडून वळली, विहिरीवरच्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात पदराचे टोक भिजविले, आणि खाली बसून एकेक करून चारही डोळे पुसले. लेकराचे तोंड पुसावे तसे. उठताना माझ्याकडे न पाहता म्हणाली, "झालं. आता न्या," आणि गाडीत जाऊन बसली.

रडार निर्दोष झाले. परंतु आता मुलींनी अडथळा केला. वटवाघळांची गोष्ट त्यांना ठाऊक होती. एकेक मुलगी बंपरजवळ येई, टूं टूं सुरू झाले की किंचाळून मागे पळे, पुन्हा येई. हर्षा त्यांना बाजूला करण्यासाठी मागे गेली, आणि तिथेच उभी राहिली.

"बाबा, या. मी पाहते."

रडारला ती दिसत होती. ते ओरडत होते. एकाच कामासाठी दोन सूचना असल्यास गोंधळ होतो. पट्टीच्या बाजूला बारीक बटन आहे. ते मी दाबले. आवाज बंद झाला. मग काच खाली केली.

"येऊ द्या," हर्षा म्हणाली. "येऊ द्या. डावीकडं थोडं. हो. येऊ द्या, येऊ द्या."

मी आरशात पाहत होतो. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, केवळ डोक्याची मागची बाजू.

"येऊ द्या. बाबा, मी नाई येत."

पाय क्लचवर होता. गाडी चालूच होती.

"येऊ द्या. चाक सरळ करा. मले इथीच राहाचं आहे, बाबा. पतसंस्था नाई पायजे. येऊ द्या. तुमच्या समोर नाई सांगता आलं मले कधी. विहीर आहे, उजवीकडं नका घेऊ. येऊ द्या. मी रडून नाई सांगत, विचार करून सांगून राह्यली. येऊ द्या... थांबा!"

मी थांबलो.

आरशात ती हात वर करून उभी होती. मागे सर्व मुली होत्या, त्यांपैकी कोणीही हसत नव्हती.

"आयकू आलं का, बाबा?"

"आले," मी म्हणालो. आवाज मोठा निघाला नाही, म्हणून डोके खिडकीबाहेर काढून पुन्हा म्हणालो. "ऐकू आले."

शेजारच्या आसनावर बसलेली रुखमा हळूच म्हणाली, "काच खाली होती म्हनून."

मी इंजिन बंद केले, उतरलो आणि डिकी उघडली. पेटी उचलण्यास मी हात घालण्यापूर्वीच मुलींनी ती उचलून खोलीकडे नेली होती. हर्षा पुढे आली. समोर. मी पाहतच होतो, आता ती 'हो बाबा' म्हणते की काय. ती म्हणाली, "फाटकाबाहेर गाडी सरळ आली तुमची. पुंजण्यात नाई गेली."

आजवर मी गाडी इतकी सरळ मागे घेतलेली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आरमोरी, गुरुवार, १ जानेवारी २००९

सकाळी पतसंस्थेत जाऊन अध्यक्षांना कळविले की उमेदवार रुजू होणार नाही. त्यांनी कारण विचारले. उमेदवाराची इच्छा नाही, असे सांगितले. हे कारण होऊ शकते, याचे त्यांना आश्चर्य वाटले. तीन आठवड्यांपूर्वी मलाही वाटले असते.

इनायतभाई वाटेत भेटले. जानेवारी लागल्यामुळे रडारचा दोष आपोआप गेला असणार, असे त्यांनी खात्रीपूर्वक सांगितले. मी त्यांच्या तांत्रिक ज्ञानाबद्दल आभार मानले. ते जरा चपापले. झिंगूभाऊंची क्षमा मागितली. गाईचीही मागावी, असा त्यांचा आग्रह होता, म्हणून गोठ्यात जाऊन तीही मागितली.

आज अंगणात सडा नव्हता. बादली मोरीत पालथी घातलेली होती. दुपारी बाजारात जावयाचे होते, तेव्हा ती न सांगता गाडीमागे जाऊन उभी राहिली, "येऊ द्या" म्हणाली आणि योग्य वेळी डिकीवर थाप मारली. थाप गरजेपेक्षा जोराची होती. पत्र्यास पोचा नाही.

हर्षाचा फोन आला होता. मुली विचारतात की वटवाघळं पुन्हा केव्हा येणार. फेब्रुवारीत, असे सांगितले. या वेळी मीच विचारले, "येऊ का?" ती हसून म्हणाली, "आता नाई. फेब्रुवारीत परीक्षा आहे पोरींची. मार्चमध्ये या." मार्चमध्ये जाणे.

ज्या प्रयोजनाने ही दैनंदिनी सुरू केली ते पूर्ण झाले आहे. अंतिम स्थिती पुढीलप्रमाणे. रडार सुस्थितीत आहे, चारही डोळे स्वच्छ आहेत, दर रविवारी ओल्या फडक्याने पुसले जातील. गाडी मागे घेताना ते बंद ठेवण्यात येते आणि काच खाली.

(सही)
गुलाब दयाराम रामटेके
आरमोरी, जिल्हा गडचिरोली
दिनांक १ जानेवारी २००९